लेकरांच्या चालीने



गेल्या मे महिन्यात आमच्या कुटुंबात घडलेली एक लहानशी गोष्ट आम्ही येथे सांगणार आहोत. ती सांगताना आम्हांस थोडी लाज वाटते. परंतु खेड्यापाड्यांतून सेवा करणाऱ्या पुष्कळ घरांत तिच्यासारखे काही ना काही घडत असावे, असे समजून आम्ही ती मंडळीपुढे ठेवीत आहोत.

शाळांना सुट्टी लागली म्हणजे गावोगावच्या मंडळ्यांस भेटी देण्याचा आमचा बऱ्याच वर्षांचा क्रम आहे. आम्ही, मुलांची आई आणि तीन मुले असे सर्वच निघतो. वडील मुलगी १४ वर्षांची, तिच्या पाठीवरचा मुलगा १० वर्षांचा आणि धाकटा ५ वर्षांचा. त्या दिवशी आम्ही नेवाशाहून शेवगावाकडे चाललो होतो. वाहन म्हणजे एक जुनी जीप. तिची किती वेळा डागडुजी झाली ह्याची गणती आम्ही कधीच सोडून दिली आहे. कुकाण्याच्या अलीकडे भर दुपारी गाडीच्या तोंडातून वाफ येऊ लागली. टोपण उघडून पाहतो तो पाण्याची रबरी नळी चिरलेली. गाडी थंड होईपर्यंत आम्ही थांबलो, नळीवर फडके गुंडाळून सुतळीने आवळले, आणि मागे ठेवलेल्या डब्यातील सर्व पाणी गाडीत ओतले.

ते पाणी मुलांच्या पिण्याचे होते. ओतण्यापूर्वी आम्ही कोणासही विचारले नाही. संध्याकाळी शेवगावच्या बाजूस उपासना ठरलेली होती, लोक वाट पाहत असतील, एवढेच आमच्या मनात होते. गाडी शंभर पावले गेली नाही तोच फडके सुटले आणि ते सारे पाणी डांबरी रस्त्यावर वाहून गेले.

मग धाकट्याने पाणी मागितले. प्रथम हळू मागितले, नंतर रडून मागितले. मुलांच्या आईने आम्हांस एका शब्दानेही दोष दिला नाही. तिने त्याला मांडीवर घेतले, पदराने त्याचे तोंड पुसले, आणि ती रस्त्याकडे पाहत बसली. अर्ध्या तासाने पलीकडच्या वस्तीवरून एक म्हातारी बाई कळशी घेऊन आली. ती आपल्या मंडळीतील नव्हती. तिने एकेका लेकराच्या ओंजळीत पाणी घातले आणि उरलेले आमच्यापुढे ठेवून म्हणाली, “बाबा, आधी लेकरांना पाजायचं. गाडीला काय तहान लागते?”

पुढे एका शेतकरी बंधूने ट्रॅक्टर लावून गाडी मिस्त्रीच्या दुकानापर्यंत ओढून नेली, आणि रात्री उशिरा आम्ही मुक्कामी पोहोचलो. उपासना दुसऱ्या दिवशी झाली. लोकांची काहीएक हानी झाली नाही. परंतु निजण्यापूर्वी आमच्या वडील मुलीने एक प्रश्न विचारला. तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती म्हणाली, “बाबा, तुम्हांला देवाने सेवेला बोलावले. आम्हांला कोणी बोलावले?”

आम्ही तिला काही तरी सांगून निजविले. पण ह्या प्रश्नाने आमची झोप नेली. आणि त्याचाच विचार आज आम्ही वाचकांबरोबर करू इच्छितो. आईबापांनी एक मार्ग पत्करला. त्या मार्गावर तहान आहे, ऊन आहे, तुटकी गाडी आहे, दर दोन-तीन वर्षांनी बदलणारे गाव व शाळा आहे. तो मार्ग मुलांनी निवडलेला नाही. तर त्या मार्गाचे ओझे त्यांच्या खांद्यावर किती ठेवावे? आणि ठेवण्याचा अधिकार आम्हांस कोठून आला?

हा प्रश्न केवळ उपदेशकांच्या घरचा नाही, हेही सांगितले पाहिजे. आमच्या जिल्ह्यातून ऊस तोडण्यासाठी दसरा-दिवाळीच्या सुमारास किती तरी कुटुंबे लेकरांसह बैलगाड्यांतून व ट्रॅक्टरांतून निघतात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. त्यांच्या मुलांची शाळा मध्येच सुटते. ते जातात पोटासाठी, आम्ही जातो सुवार्तेसाठी. पण गाडीत बसलेल्या लेकराला लागणारे ऊन एकच असते.

ह्या प्रश्नावर विचार करीत असता आम्हांस डेव्हिड लिव्हिंग्स्टन ह्यांच्या कुटुंबाची आठवण झाली. हे नाव आपणांस परके नाही. १८६४ साली ते आपली लहान आगबोट हाकीत झांजिबाराहून हिंदी महासागर ओलांडून मुंबईस आले होते. नाशिकजवळ शरणपूर येथे गुलामगिरीतून सोडविलेली आफ्रिकन मुले शिकत असत. त्यांतील नऊ तरुण १८६६ साली त्यांच्याबरोबर आफ्रिकेच्या शेवटच्या प्रवासास गेले. नाशिकलाच शिकलेला जेकब वेनराइट मागून त्यांना जाऊन मिळाला, आणि १८७४ साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत त्यांची शवपेटी धरणाऱ्यांत तो होता. परंतु आज आम्ही त्यांच्या कीर्तीविषयी लिहीत नाही. त्यांच्या मुलांविषयी लिहीत आहोत.

लिव्हिंग्स्टन १८४१ साली लंडन मिशनरी सोसायटीच्या वतीने दक्षिण आफ्रिकेत गेले. १८४५ साली त्यांनी मेरी मॉफट हिच्याशी विवाह केला. ती मिशनरी आईबापांची मुलगी, आफ्रिकेतच जन्मलेली. बैलांच्या मोठ्या गाडीतून प्रवास करण्याची तिला लहानपणापासून सवय होती. पहिला मुलगा रॉबर्ट झाल्यावर तेथील लोक तिला त्यांच्या चालीप्रमाणे ‘मा-रॉबर्ट’, म्हणजे रॉबर्टची आई, असे म्हणू लागले. आपल्याकडेही पहिल्या लेकराच्या नावाने आईला हाक मारतात. म्हणून हे नाव आम्हांस जवळचे वाटते.

१८५० साली लिव्हिंग्स्टन बायको व तीन मुले घेऊन कोलोबेंगहून उत्तरेकडे न्गामी सरोवरापर्यंत गेले. तेथे दोन मुलांना ताप आला, आणि सर्वांस परतावे लागले. मेरीबाई त्या वेळी गरोदर होत्या. घरी आल्यावर त्यांना मुलगी झाली, ती दीड महिन्याच्या आतबाहेर वारली. हिवताप डासांपासून होतो हे त्या काळी कोणास ठाऊक नव्हते. रोनाल्ड रॉस ह्यांनी सिकंदराबाद येथे त्याचा पुरावा शोधून काढला तो १८९७ साली. यास्तव जे त्यांना कळणे शक्य नव्हते त्याचा दोष आम्ही त्यांच्यावर ठेवीत नाही. परंतु त्या देशी ताप आहे आणि मुले त्याने आजारी पडतात, एवढे तर आता त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

तरी १८५१ साली ते पुन्हा निघाले. मेरीबाई पुन्हा गरोदर होत्या. त्यांच्या आईने आपल्या जावयास कडक पत्र लिहून, अशा स्थितीत बायकोमुलांना रानावनात नेणे हे कोणते शहाणपण, असे विचारले होते. त्यांनी आपला बेत सोडला नाही. वाटाड्या वाट चुकला व निघून गेला. गाड्यांतील पाणी एका नोकराच्या हलगर्जीपणाने वाया गेले होते. जे थोडे उरले ते मुलांसाठी ठेवले होते. जसजसे पाणी कमी होत गेले तसतशी मुलांची तहान वाढत गेली. रॉबर्ट तेव्हा ५ वर्षांचा होता. लिव्हिंग्स्टन ह्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे की, बायकोने आपणांस दोष दिला असता तर एक प्रकारे हायसे वाटले असते. परंतु ती एक अक्षरही बोलली नाही, केवळ तिचे डोळे भरून आले होते. पाचव्या दिवशी दुपारी माणसे पाणी घेऊन परतली, आणि लेकरे वाचली.

वाचकहो, हा मजकूर आम्ही पूर्वीही वाचला होता. तेव्हा आम्हांस त्यात केवळ धैर्य दिसले होते. ह्या वेळी वाचताना आमच्या डोळ्यांपुढे कुकाण्याचा रस्ता आला.

त्याच प्रवासात त्यांचे ४३ बैल मेले. त्सेत्से नावाची माशी चावल्यामुळे ते मेले. माशीच्या दंशातच विष असावे असा त्या वेळचा समज होता. ती माशी जनावराच्या रक्तात एक सूक्ष्म जंतू सोडते, हे पुढे १८९० नंतर समजले. बैल मेले म्हणजे गाडी अडली, आणि गाडी अडली म्हणजे कुटुंब अडले. परतीच्या वाटेवर झूगा नदीच्या काठी मेरीबाईंना मुलगा झाला.

आता लिव्हिंग्स्टन ह्यांनी दुसरा विचार केला. मुलांना बरोबर नेणे योग्य नाही असे त्यांना पटले, पण आपला मार्ग सोडणे त्यांना पटेना. म्हणून १८५२ च्या एप्रिलात त्यांनी केपटाउनहून बायको व चार मुलांस इंग्लंडास पाठविले. झूगेच्या काठी जन्मलेले मूल तेव्हा सात महिन्यांचे होते. पुन्हा भेट झाली ती १८५६ च्या डिसेंबरात. मधली चार वर्षे व आठ महिने ते कुटुंब परक्या हवेत, अपुऱ्या पैशात, ह्या बिऱ्हाडातून त्या बिऱ्हाडात फिरत राहिले. पुढे मेरीबाई पुन्हा नवऱ्याकडे आफ्रिकेत गेल्या आणि १८६२ साली झांबेझी नदीच्या काठी शुपांगा येथे तापाने वारल्या.

आणि रॉबर्ट? तो वडिलांच्या शोधात आफ्रिकेपर्यंत गेला, पण त्यांच्यापर्यंत पोहोचू शकला नाही. तेथून तो अमेरिकेस गेला आणि तेथील यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यात शिरला. तोही आपले नाव बदलून. १८६४ च्या डिसेंबरात शत्रूच्या कैदेत त्याचा अंत झाला. तेव्हा तो १८ वर्षांचा होता. ज्या मुलाच्या नावाने त्याच्या आईला सारा मुलूख ओळखत होता, त्याने मरताना ते नाव धारण केले नव्हते.

वृद्धपणी लिव्हिंग्स्टन ह्यांनी आपल्या मनातील एक खंत लिहून ठेवली. कोलोबेंगला असताना दिवसभराच्या श्रमाने आपण इतके थकून जात असू की संध्याकाळी मुलांशी खेळण्याची उमेद उरत नसे. मुले जवळ होती तेव्हा आपण त्यांच्याशी खेळलो नाही, आणि आपण दूर असताना ती मोठी होऊन गेली, अशा अर्थाची ती खंत आहे. एवढ्या थोर पुरुषाने एवढी साधी गोष्ट लिहून ठेवली, ह्याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्यांनी जो आवाज उठविला तो खोटा ठरत नाही. परंतु त्यांच्या त्यागाची जी किंमत होती तिचा मोठा हिस्सा दुसऱ्यांनी भरला, हेही खोटे ठरत नाही.

कोणी म्हणेल, देवाच्या कार्यापुढे मुलांचा विचार तो काय? अब्राहामाने इसहाकास देऊ केलेच ना? त्यास आमचे नम्र उत्तर असे की, मोरिया डोंगरावर सुरी धरलेला हात देवानेच थांबविला. ती गोष्ट आईबापांस मोकळीक देण्यासाठी नाही. शिवाय, त्या वाटेवर मुलाने प्रश्न विचारला होता: लाकडे आहेत, विस्तव आहे, पण कोकरू कोठे आहे? बापाने त्याला गप्प बसविले नाही. प्रश्न विचारणारे मूल अश्रद्ध आहे असे समजण्याची आपल्यांत फार सवय आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

दावीद राजाची गोष्ट आम्हांस ह्याहून अधिक उपयोगी वाटते. अरवना त्यास आपले खळे, बैल व लाकूड फुकट देत होता. दावीदाने ते घेतले नाही. ज्यासाठी आपण मोल दिले नाही ते देवास अर्पण करणे त्यास बरे वाटेना. त्याने रुपे मोजून दिले आणि मग यज्ञ केला. आम्ही जे पाणी गाडीत ओतले त्याचे मोल आम्ही दिले नव्हते. ते पाच वर्षांच्या लेकराच्या वाट्याचे होते, आणि आम्ही ते आपल्या सेवेच्या नावावर खर्च केले. शेवगावला वेळेवर पोहोचलो असतो तर लोकांनी आमच्याच निष्ठेची वाखाणणी केली असती, आणि आम्ही ती मुकाट्याने घेतली असती.

मग काय करावे? मुलांपायी सेवा सोडावी काय? आम्हांस तसे वाटत नाही. मुलांना कोठे तरी ठेवून आपण एकट्याने जावे काय? काही वेळा तसे करावे लागते, पण तो सर्वांस पुरणारा उपाय नव्हे. लिव्हिंग्स्टन ह्यांच्या घराने तो करून पाहिला. शास्त्रात ह्याविषयी एक तिसरी वाट दिसते. उत्पत्तीच्या ३३ व्या अध्यायात याकोब बायका, मुले व गुरेढोरे घेऊन आपल्या देशास परतत आहे. एसाव त्यास म्हणतो, चल, मी तुझ्याबरोबर पुढे चालतो. याकोब नको म्हणतो. मुले कोवळी आहेत, दुभती जनावरे बरोबर आहेत, एक दिवस जरी अधिक दामटले तरी कळप मरेल. तू पुढे जा, मी मुलांच्या चालीने हळूहळू येईन, असे त्याचे सांगणे आहे. एसावाच्या चारशे माणसांपुढे आपण मंद दिसू ह्याची त्यास लाज वाटली नाही. त्याने वाट सोडली नाही, लेकरेही सोडली नाहीत. सोडली ती घाई.

परंतु मुलांची चाल नेहमी एकच नसते. ती वाढत असतात. पाच वर्षांच्या मुलाची चाल म्हणजे त्याचे पाय, त्याची भूक, त्याची तहान. चौदा वर्षांच्या मुलीची चाल म्हणजे तिची शाळा, तिच्या मैत्रिणी, तिची लाज, तिचे प्रश्न. हन्नेने शमुवेलास देवाच्या मंदिरात दिले, तरी दर वर्षी ती त्याच्यासाठी एक लहान झगा करून नेत असे, असे शास्त्रात लिहिले आहे. दर वर्षी नवा झगा शिवणाऱ्या आईला मूल केवढे झाले हे दर वर्षी ठाऊक असले पाहिजे. देवाला दिलेल्या मुलाचेही माप घेण्याचे तिने सोडले नाही. आम्ही मात्र आमच्या मुलीस अजून आठ वर्षांची समजून तोच जुना झगा तिच्या अंगावर चढवीत होतो. आठव्या वर्षी ती गाडीत बसून आनंदाने गात असे. त्या आनंदाच्या भरवशावर आम्ही पुढची सहा वर्षे काढली.

ह्या सर्व विचारानंतर आम्ही घरात काही गोष्टी ठरविल्या आहेत. त्या फार मोठ्या नाहीत. मुलांच्या पाण्याचा डबा वेगळा असतो, आणि गाडी कितीही अडली तरी त्यास हात लावावयाचा नाही. गाडीसाठी दुसरा डबा आणि एक जादा नळी बरोबर घेतो; हे पूर्वीच सुचावयास हवे होते. एका सुट्टीत पूर्वी जेवढ्या गावी जात असू त्याच्या निम्म्या गावी जातो, आणि निघण्यापूर्वी सर्वांस एकत्र बसवून कोठे, किती दिवस व कशासाठी जावयाचे हे सांगतो. वडील मुलीस यावयाचे नसेल तर तिने मावशीकडे राहावे. त्याबद्दल तिला कोणी टोचून बोलणार नाही, असे वचन आम्ही तिला दिले आहे. ते वचन पाळणे आम्हांस पहिल्याच वेळी जड गेले. ती राहिली. गाडीतील तिची जागा रिकामी होती, आणि दोन मंडळ्यांत लोकांनी तिच्याविषयी विचारले, तेव्हा ‘तिने राहण्याचे ठरविले’ असे खरे उत्तर देण्याऐवजी तिच्या अभ्यासाची सबब आमच्या ओठांवर आली होती. आम्ही खरेच उत्तर दिले; पण ती सबब ओठांपर्यंत आली होती हे आम्ही लपवीत नाही.

आणि तिच्या प्रश्नाचे उत्तर? ते आम्ही तिला काही दिवसांनी दिले. आम्ही म्हणालो, “बाई, तुला कोणी बोलावले हे आम्ही सांगू शकत नाही. आम्हांला बोलावले म्हणून तुलाही बोलावले, असे आम्ही इतके दिवस धरून चाललो, ते चुकले. तुला बोलावणे आले तर ते तुला स्वतःला ऐकू येईल. तोवर तू आमच्या गाडीत बसलेली आमची मुलगी आहेस. आणि तुझी काळजी घेणे हे तर आमचेच बोलावणे आहे.” ती काही बोलली नाही. धाकट्याचा हात धरून ती त्याला पाणी पाजावयास घेऊन गेली.

खेड्यापाड्यांतून फिरणाऱ्या बंधूंनो व भगिनींनो, तुमच्याही गाड्या अडतील. कधी चाक निखळेल, कधी एस. टी. चुकेल, कधी पुलावर पाणी असेल. अशा वेळी गाडीकडे पाहण्यापूर्वी एकदा मागे वळून गाडीत कोण बसले आहे हे पाहावे, एवढीच आमची विनंती आहे. लोक थोडा वेळ वाट पाहतील. त्या रात्री शेवगावच्या लोकांनी पाहिली, आणि सकाळी आम्हांस भाकरी वाढताना त्यांनी प्रथम हेच विचारले की, लेकरे बरी आहेत ना?